बालहक्क करार शाळेच्या कॅन्टीनपर्यंत कसा पोचवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नागपुरातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत चौथीत आहे. कॅन्टीन कंत्राटावर चालतं आणि तिथे चिप्स, कोल्ड्रिंक, क्रीमची बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स मिळतात. फाटकाबाहेरच्या दोन दुकानांतही तेच. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढला तर मुख्याध्यापक म्हणाले, "मुलांनी काय खावं हे घरच्यांनी बघायचं." त्यातच आरोग्य तपासणीनंतर जाड मुलांची नावं वर्गात वाचून दाखवली. आता कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, म्हणजे मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मान्य केला आहे, तेव्हा सरळ हायकोर्टात जा, नाहीतर संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करा. हे जमेल का?

सरळ तसं जमत नाही. पण म्हणून करार कुचकामी ठरत नाही. अर्जात त्याची जागा कोणती हे कळलं की तो चांगला उपयोगी पडतो. असे बरेच अर्ज इथेच फसतात: पहिल्या पानावर संयुक्त राष्ट्रांची कलमं असतात आणि कॅन्टीनचा परवाना क्रमांक मात्र शेवटपर्यंत सापडत नाही.

आधी मुख्याध्यापकांचं वाक्य घेऊ, कारण खरा वाद तिथेच आहे. डबा घरचा असतो हे खरं. पण मधल्या सुट्टीत हातात वीस रुपये असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर काय मांडून ठेवायचं हे आई-बाप ठरवत नाहीत. ते शाळा आणि कंत्राटदार मिळून ठरवतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम सरकारचं असतं. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम १२ मध्ये आरोग्याचा हक्क आहे. या कराराच्या समितीने २००० साली त्या हक्काचा अर्थ उलगडून सांगितला तेव्हा सरकारची कर्तव्यं तीन भागांत मांडली: हक्काचा आदर करणं, इतरांपासून त्याचं संरक्षण करणं आणि त्याची पूर्तता करणं. तुमचं प्रकरण मधल्या कर्तव्याचं आहे. इथे सरकार स्वतः चिप्स विकत नाही. दुसरा कुणी मुलांच्या आरोग्याला अपाय होईल असं विकत असेल तर त्याला आवरणं हे सरकारचं कर्तव्य. म्हणून तुमच्या मागणीचं तोंड शाळेपेक्षा शासनाच्या यंत्रणेकडे हवं. खासगी शाळेविरुद्ध मानवी हक्कांचा मुद्दा लढवणं अवघड जातं. अन्न व औषध प्रशासनाने आपलं काम केलं नाही हे दाखवणं त्या मानाने सोपं.

बालहक्क करारात भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. त्याचं कलम २४ आरोग्य आणि पोषक अन्नाबद्दल आहे. या कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या बालहक्क समितीने २०१३ मध्ये या कलमावर जे भाष्य दिलं, ते सामान्य टिप्पणी क्रमांक १५ म्हणून ओळखलं जातं, ते तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडतं. चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेलं फास्ट फूड आणि जास्त कॅफीनची पेयं मुलांपर्यंत कमी पोचावीत, मुलांना उद्देशून होणाऱ्या त्यांच्या जाहिरातींवर नियंत्रण असावं आणि शाळांमधली त्यांची उपलब्धता आटोक्यात ठेवावी, असं त्यात म्हटलं आहे. पुढच्याच वर्षी आरोग्यहक्कावरचे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक (त्या विषयावर अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ) आनंद ग्रोव्हर यांनी घातक अन्नपदार्थ आणि असंसर्गजन्य आजार यांवर स्वतंत्र अहवाल दिला. ग्रोव्हर भारतातलेच ज्येष्ठ वकील आहेत.

आता मर्यादा. आपल्याकडे सरकारने करार स्वीकारला म्हणून तो आपोआप कायदा होत नाही. संसदेने राज्यघटनेच्या कलम २५३ खाली कायदा करावा लागतो, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालाने मात्र एक दार उघडलं: देशातल्या कायद्यात पोकळी असेल आणि करार त्याच्याशी विसंगत नसेल, तर मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना करार वाचता येतो. समितीच्या टिप्पण्या तर त्याहूनही मऊ असतात, त्या अधिकृत स्पष्टीकरण म्हणून वजनदार असल्या तरी बंधनकारक नाहीत. तंबाखूचं उदाहरण घेतलं की फरक लक्षात येतो. तंबाखू नियंत्रणासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा बंधनकारक करार आहे. अन्नासाठी तसा करार अजून नाही. मुलांना उद्देशून होणाऱ्या खाद्यपदार्थांच्या जाहिरातींबद्दल २०१० च्या शिफारशी आहेत, पण त्या शिफारशीच.

संयुक्त राष्ट्रांकडे वैयक्तिक तक्रार करता येत नाही. त्यासाठीचे दोन्ही ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल), बालहक्क कराराचा तिसरा आणि आर्थिक-सामाजिक हक्कांच्या कराराचा, भारताने स्वीकारलेले नाहीत. विशेष प्रतिवेदकांना पत्र लिहिता येतं, त्याला ही अट नाही. पण एका कॅन्टीनसाठी तो रस्ता धरू नका.

तुमच्या हातात खरं हत्यार आहे ते घरचंच. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली शाळकरी मुलांच्या सुरक्षित अन्न व समतोल आहाराबद्दलचे विनियम सप्टेंबर २०२० मध्ये निघाले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीन, मेस वा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात विद्यार्थ्यांना विकायचे नाहीत आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आतही नाहीत, असं ते सांगतात. अशा पदार्थांची जाहिरात आणि फुकट वाटपही त्याच हद्दीत बंद. वार्षिकोत्सवाच्या बॅनरवर शीतपेयाचं चिन्ह असेल तर तोही मुद्दा धरा. शाळा स्वतः अन्न पुरवत असेल तर शाळेला नोंदणी किंवा परवाना लागतो; कंत्राटदार असेल तर त्याच्याकडे तो आहे का हे बघायची जबाबदारी शाळेची. राज्यानेही मे २०१७ मध्ये शालेय शिक्षण विभागाच्या शासन निर्णयाने कॅन्टीनमधून असे पदार्थ हद्दपार केले होते.

या नियमांतली कमकुवत जागा म्हणजे "जास्त" हा शब्द. किती ग्रॅमच्या वर जास्त, यावर कंत्राटदार हमखास वाद घालतो. बालहक्क कराराची खरी जागा इथे आहे. नियमातला शब्द संदिग्ध असेल तर तो मुलाच्या हिताच्या बाजूने वाचा, कारण कराराचं कलम ३ तसं सांगतं आणि टिप्पणी १५ मध्ये शाळेतल्या उपलब्धतेचा थेट उल्लेख आहे, असं म्हणायचं. करार हा अर्थ लावण्याचा आधार आणि नियम हा मागणीचा. हा क्रम उलटू नका.

सोबत आकडे द्या, आणि ते पाकिटावरूनच काढा. समजा बाटलीवर १०० मिलीला १०.८ ग्रॅम साखर लिहिली आहे. २५० मिलीची बाटली म्हणजे २७ ग्रॅम, चहाचे जवळजवळ सात सपाट चमचे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची ऊर्जेची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात १७०० किलोकॅलरी आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोकळ्या साखरेतून (वरून घातलेली, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर) १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी, ५ टक्क्यांखाली आली तर उत्तम. १० टक्के म्हणजे १७० किलोकॅलरी, चारने भागले की साधारण ४२ ग्रॅम. ५ टक्के म्हणजे २१. त्या एका बाटलीत दिवसाच्या कमाल साखरेचा ६४ टक्के हिस्सा संपला, आणि उत्तम मर्यादा तर ओलांडलीच. आता पाकिटावरची टक्केवारी बघा. ती २००० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅम साखर धरून काढलेली असते, म्हणजे मोठ्या माणसासाठी. तिथे ५४ टक्के दिसेल. अधिकाऱ्याला हा फरक एका ओळीत दाखवलात की "जास्त"चा वाद बराच मिटतो. चिप्सच्या पाकिटावर "प्रति सर्व्हिंग" किती ग्रॅम धरलंय ते आधी वाचा. पाकीट ५० ग्रॅमचं आणि सर्व्हिंग २० ग्रॅमचं असेल तर सगळे आकडे अडीचपट करावे लागतात. सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ निघतं.

पुरावा असा जमवा. कॅन्टीनच्या दरपत्रकाचा फोटो, विक्रीला ठेवलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो, भिंतीवर लावलेल्या परवान्याचा फोटो. परवान्यावर चौदा अंकी क्रमांक असतो. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर नोंदणी. क्रमांक दिसतच नसेल तर तोच तक्रारीचा पहिला मुद्दा. बाहेरच्या दुकानांचं अंतर टेपने मोजा, मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका, आणि शाळेला दोन फाटकं असतील तर दोन्हींपासून मोजा. तंबाखूची हद्द १०० यार्डांची असते आणि अन्नाची ५० मीटरची. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि तक्रार पहिल्याच फेरीत कच्ची पडते. मुलांचे फोटो काढू नका, मुलांकरवी खरेदीही करून घेऊ नका. नमुना तपासून घ्यायचा हक्क अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० ने ग्राहकाला दिला आहे. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं, फी भरावी लागते आणि १४ दिवसांत अहवाल मिळायला हवा. पण बंद पाकिटासाठी त्याची गरज नाही, लेबल हाच पुरावा. सुट्या, तळलेल्या पदार्थासाठी मात्र विचार करा.

अर्जाचा क्रम. पहिलं पत्र शाळेला, पालक-शिक्षक संघामार्फत, पोच घेऊन, पंधरा दिवसांची मुदत देऊन. दुसरं अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयातल्या सहायक आयुक्त, अन्न यांना. त्यात "जंक फूड" हा शब्द टाळा, तो नियमात नाही. नियमातली भाषा वापरा. मागणी नेमकी हवी: पाहणी करावी, त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली सुधारणा नोटीस द्यावी, कार्यवाही कळवावी. नोटीस पाळली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो, आणि वेगळी शिक्षा न सांगितलेल्या उल्लंघनाला कलम ५८ खाली दोन लाखांपर्यंत दंड आहे. त्याच पत्राची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. दोन्ही कार्यालयांना एकच पत्र आणि त्यात दोघांचीही नावं असावीत, नाहीतर शिक्षण विभाग अन्न प्रशासनाकडे बोट दाखवतो आणि अन्न प्रशासन शिक्षणाकडे, आणि तुमचा अर्ज आवक-जावकच्या रजिस्टरमध्ये फिरत राहतो.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये फी, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय. गेल्या दोन वर्षांत या शाळेच्या कॅन्टीनची पाहणी कोणत्या तारखांना झाली, अहवालाची प्रत, दिलेल्या नोटिसांची प्रत, एवढंच मागा. "पाहणी झालेली नाही" हे उत्तर आलं तर ते पुढच्या प्रत्येक दारात चालतं. मग राज्य बालहक्क संरक्षण आयोग. २००५ च्या ज्या कायद्याने हा आयोग आला, त्यातच आंतरराष्ट्रीय करारांचा अभ्यास हे त्याचं काम म्हणून नमूद आहे, आणि चौकशीत त्याला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. कराराची कलमं इथे मोकळेपणाने मांडा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाची मुदत लक्षात ठेवा.

हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ सर्वांत शेवटी. तिथे पहिला प्रश्न येतो की संबंधित अधिकाऱ्याकडे मागणी केली होती का आणि त्याने काय केलं. वरचा सगळा पत्रव्यवहार म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. याचिकेत कणा असेल २०२० च्या विनियमांचा. त्याला राज्यघटनेच्या कलम २१ (जीविताचा हक्क) आणि ४७ (पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचं राज्याचं कर्तव्य) ची जोड द्या. शीतपेयांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही दोन्ही कलमं एकत्र वाचून म्हटलं आहे की आरोग्याला घातक अन्न म्हणजे जीविताच्या हक्काला धोका. त्याच्या पाठीशी करार. खुद्द हे विनियमही दिल्ली हायकोर्टातल्या शाळांजवळच्या अशाच पदार्थांवरच्या जनहित याचिकेतून पुढे आले, तेव्हा हा रस्ता चाललेला आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. शाळा सीबीएसईची असेल तर मे २०२५ मध्ये मंडळाने साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं आहे, तो फलक आहे का ते बघा. अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती हे जास्त वजनदार व्यासपीठ. आणि बाहेर दुकानाऐवजी हातगाडी असेल तर सांभाळून. फेरीवाल्याचा उपजीविकेचा हक्क हाही मानवी हक्कच आहे आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचं त्याला संरक्षण आहे. गाडी उचलायची मागणी करू नका, पदार्थ बदलायची करा. तोच माणूस भाजलेले चणे, कापलेली फळं, मोसमात संत्री विकू शकतो. शाळेतलं कंत्राट तसंच ठेवून फाटकावरच्या गाडीवाल्याला हुसकावणं हा सरळ अन्याय आहे.

समोशाचा प्रश्न कुणीतरी काढेलच, म्हणून सांगते. जुलै २०२५ मध्ये एम्स नागपूरच्या फलकांवरून "समोसा-जिलेबीवर इशारा" अशा बातम्या देशभर चालल्या, आणि आरोग्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला की हे फलक कार्यालयांत तेल-साखरेची जाणीव करून देण्यासाठी आहेत, विक्रेत्यांच्या पदार्थांवर लेबल लावण्यासाठी नाहीत. शाळेच्या बाबतीत मात्र तळलेला समोसा आणि पाकिटातले चिप्स यांत नियम भेद करत नाही. दोन्ही मागणीत घ्या.

फक्त "बंद करा" म्हणालात तर कंत्राटदार म्हणेल परवडत नाही, आणि त्यात तथ्य आहे. पाकीट नासत नाही, त्याला आचारी लागत नाही. म्हणून पर्याय लिहून द्या: बिनसाखरेचं ताक, उकडलेली अंडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाणे घातलेले पोहे, इडली, केळी. कंत्राटाची बोली फक्त जास्त भाड्यावर ठरत असेल तर हा बदल टिकणार नाही, भाडं कमी करायची तयारी शाळेला दाखवावी लागेल. आणि सगळ्यांत आधी पाणी. गच्चीवरची टाकी मार्चपासून तापते, नळाचं पाणी कोमट येतं, शेजारी फ्रिजमध्ये गार बाटली दिसते. त्या क्षणी मूल काय निवडेल हे वेगळं सांगायला नको. चालू स्थितीतला वॉटर कूलर ही तुमच्या पत्रातली पहिली मागणी असू द्या. बालहक्क कराराच्या कलम २४ मध्ये पोषक अन्नाच्या जोडीला स्वच्छ पिण्याचं पाणी आहे. खेळाच्या तासाला गणित घेत असतील तर कलम ३१ चाही उल्लेख करा.

नावं वाचून दाखवण्याचा प्रकार मला कॅन्टीनपेक्षाही गंभीर वाटतो. स्थूलता रोखण्याच्या नावाखाली मुलाला वर्गासमोर लाजवणं हा त्याच कराराचा भंग आहे: कलम १६ खासगीपणाचं, कलम २ भेदभाव न करण्याचं. आपल्याकडे २०१७ पासून खासगीपणा मूलभूत हक्क म्हणून मान्य आहे. शाळेकडे लेखी मागा की वजन आडोशाला घेतलं जाईल, निकाल बंद पाकिटात फक्त पालकांना मिळेल, वर्गशिक्षकांच्या वहीत त्याची नोंद राहणार नाही. तपासणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक) २५ ची मोठ्यांची रेष वापरली असेल तर निष्कर्षही चुकीचे आहेत. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसारच्या तक्त्यावर बघायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते त्यासाठीच आहेत. ही मागणी कॅन्टीनच्या पत्रात मिसळू नका, वेगळं पत्र द्या, म्हणजे एकाचं उत्तर देऊन दुसरं झाकता येणार नाही.

कर आणि पाकिटावरचे इशारे यांबद्दलही तुम्ही विचारलंय. ते पालक संघाच्या आवाक्याबाहेरचं आहे. चिलीने २०१६ पासून काळे अष्टकोनी इशारे लावले. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी लेबलचा मसुदा २०२२ मध्ये आला, तो ताऱ्यांच्या श्रेणीचा होता आणि त्यावर वाद सुरू झाला. साखरयुक्त शीतपेयांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, पण तो साखरेच्या ग्रॅमवर ठरत नाही, आणि त्याच फेरीत बिस्किटं, चॉकलेट आणि नमकीन ५ टक्क्यांवर आली.

पत्रं कधी द्यायची? कॅन्टीनचं कंत्राट कोणत्या महिन्यात नव्याने होतं ते आधी विचारून घ्या आणि शाळेचं पत्र त्याच्या दोन महिने आधी जाऊ द्या. नव्या करारनाम्यात २०२० च्या विनियमांचं पालन ही अट आणि भंग झाल्यास कंत्राट रद्द ही तरतूद, एवढी दोन वाक्यं आली तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या चढाव्याच लागणार नाहीत. मसुदा तयार झाला की इथे टाका, परवाना क्रमांक आणि शाळेचं नाव झाकून. मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.